आईच्या नावावरचा आजार

रोज पाच-सात माणसं माझ्यासमोर शपथेवर बोलतात. मी लिहून देतो, ती सही करतात किंवा अंगठा उठवतात, आणि खाली तेच ते वाक्य असतं, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. हे वाक्य वाचून दाखवताना माझा आवाज खाली येतो. पक्षकारांना वाटतं, वकील नवा असला तरी गंभीर आहे. गंभीर कसला? माझ्या आयुष्यातलं पहिलं शपथपत्र, ज्याच्या जोरावर मी हा काळा कोट अंगावर घातला, ते सपशेल खोटं होतं. आणि ते खोटं मी माझ्या आईच्या अंगावर लिहिलं होतं.

आमचं गाव नवेगाव बांधपासून सायकलच्या अंतरावर. इटियाडोह धरणाच्या पाटाचं पाणी येतं, म्हणून धान बरा पिकतो. बाप मी पाचवीत असताना गेला. घरात आई आणि मी, घरामागे एकरभर बांधी, म्हणजे धानाचं शेत, आणि बाकी सगळी मदार आईच्या हातांवर. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायच्या दिवसांत, गावात बायकांच्या टोळ्या फिरतात. आई त्यातल्या एका टोळीची पुढारीण होती. धुऱ्याकडची, शेताच्या बांधालगतची पहिली पात तिची. तिनं रोपं टोचत मागे सरकायला सुरुवात केली की बाकीच्या बायका तिच्या चालीनं सरकायच्या. ती थांबली की बांधी थांबायची. पंधरा जणींच्या पुढे कमरेत वाकलेली आई दुरूनही ओळखू यायची, कारण रांगेत तिची पाठ सगळ्यात सपाट असायची. ती कधी आजारी पडलेली मी पाहिली नव्हती. तापात असली तरी कपाळाला फडकं बांधून जायची आणि परत आल्यावर मलाच विचारायची, तू काऊन सुस्त दिसून रायला म्हणून.

मी गोंदियाला खोली करून बीएस्सी शिकत होतो. आईच्या हिशेबात ती तेरावी, चौदावी, पंधरावी. चौदावीपर्यंत बरा चाललो. पंधरावीला रसायनशास्त्रात गचकलो. एकाच विषयात, पण मला ते सोसलं नाही. शाळेत पहिला येणारा मुलगा, नवोदयला थोडक्यात हुकलेला, गावात ज्याच्याकडे बोट दाखवून आपापल्या पोरांना बदडलं जायचं, तो नापास! पुन्हा फॉर्म भरायला पाहिजे होता. मी भरला नाही. एका मोबाइलच्या दुकानात बसू लागलो, संध्याकाळी मैदानावर क्रिकेट, आणि शनिवारी गावी. आईला सांगितलं की पंधरावीनंतर दोन वर्षं प्रॅक्टिकलची असतात. तिनं त्यावर एक शब्द विचारला नाही. उलट गावभर सांगून आली की पोरगा सतरावी शिकून रायला. दर सोमवारी पहाटे ती माझ्या पिशवीत तांदूळ, लाखोळीची डाळ आणि सुक्या मासोळ्यांचं गाठोडं भरायची, आणि मी ते खांद्यावर टाकून कॉलेजला जातो असं सांगून दुकानात जायचो. दोन वर्षं हे चाललं. मग एकदाची अक्कल आली, फॉर्म भरला, पास झालो. आईच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

वकिलीचं खूळ दुकानातल्याच एका गिऱ्हाइकानं डोक्यात घातलं. सीईटी दिली, बऱ्यापैकी गुण पडले. ऑनलाइन फॉर्म भरताना एक एक कागद मोबाइलवर फोटो काढून, छोटा करून चढवत गेलो. दहावी, बारावी, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका. चार दिवसांनी फॉर्म परत आला. तपासणाऱ्यानं शेरा मारला होता की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकांमध्ये दोन वर्षांचा खंड दिसतो, त्याचं शपथपत्र जोडावं. मुदत दोन दिवसांची.

मला त्या शेऱ्याचा राग आला होता, हे आज सांगतानाही लाज वाटते. आईला दोन वर्षांत जे कळलं नाही ते मुंबई-पुण्यात बसलेल्या कुणा माणसाला दोन कागद शेजारी ठेवून अर्ध्या मिनिटात कळलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटलं की हा आता घरी फोन करणार.

तहसीलच्या बाहेर एक म्हातारे टंकलेखक बसायचे. टाइपरायटर जाऊन लॅपटॉप आला होता, पण टेबल तेच आणि नमुना तोच. त्यांच्याकडे गॅप सर्टिफिकेटचा तयार मजकूर होता. नाव, गाव, वर्षं बदलली की झालं.

"कारण काय टाकू?" त्यांनी विचारलं.

"काय टाकतात?"

"वडील बिमार. सगळ्याच पोराईचे वडील बिमार असतात."

"माझे वडील नाहीत."

"मंग माय." त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. एक शब्द खोडला, दुसरा टाकला. "आजार कोनता लिवू?"

"लिहा काहीही."

त्यांनी 'दीर्घ आजार' लिहिलं. मी सही केली. शिक्का बसला. या सगळ्याला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. मला थोडं थांबावंसं वाटलं होतं का? नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. दोन वर्षांचं माझं नाकर्तेपण कुठेतरी ठेवायचं होतं, त्याला जागा मिळाली.

पहिल्या यादीत नंबर लागला. गोंदियाचंच कॉलेज. तिथे मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं, आणि सूचनेत लिहिलं होतं की खंडाचं कारण आजारपण असल्यास ग्रामपंचायतीचा दाखला आणावा, सोबत पालक असावेत. मी सरपंचांकडे गेलो. ते आमच्या दूरच्या नात्यातले काका.

"तुही माय?" ते म्हणाले. "परवा त माह्या बांधीत होती ना बा. पंधरा बायाईच्या म्होरं."

"आताची नाही जी, मागची गोष्ट. त्या टायमाला कोणाला सांगितलं नाही. कॉलेजात दाखवायचं आहे, सवलत भेटते."

"काय झालं होतं?"

"होतं जी... लांबलेलं दुखणं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता, वाईट वाटलेलं होतं. "लपवून ठेवलात ना आमच्यापासून," ते म्हणाले. "आमी का परके हाओत?" आणि त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या टेबलावरचा कागद वाळायच्या आत चौकात पोचतो. संध्याकाळपर्यंत गावात तीन आजार तयार झाले. कुणी म्हणे टीबी, कुणी म्हणे सिकलसेल, आणि पाटाकडच्या एका आजीच्या मते ते बाहेरचं होतं, कोणीतरी काहीतरी केलेलं. बायका भेटायला आल्या. कुणी अंडी आणली, कुणी बिस्किटाचे पुडे. आई परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून आली होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, आणि अंगणात बायका तिच्याकडे बघून हळहळत होत्या.

दुसऱ्या दिवशी रोवणीला गेली तर टोळीतल्या बायकांनी तिला बांधीत उतरू दिलं नाही. वाईटपणानं नव्हे. वाईटपणानं केलं असतं तर आईनं दोन शिव्या घातल्या असत्या आणि प्रश्न मिटला असता. एक जण तिचा हात धरून म्हणाली, "मावशी, एवढं दुखणं आंगात घेऊन तुमी चिखलात उभ्या रायत होत्या, आन आमाले मालूम नाही. आता बसा तुमी." तिला धुऱ्यावर बसवलं आणि पऱ्यांच्या जुड्या मोजायला लावल्या. तिची पहिली पात दुसरीनं धरली. दुपारी आई घरी आली ती भडकूनच.

"बाबू, मी मरून रायली का?" तिनं विचारलं. "सब्बन लोक मले येऊन पाहून रायले. सरपंचानं म्हने कागद देला, मी बिमार हाय म्हनून. काऊन देला?"

मी जेवत होतो. घास गिळला आणि सांगितलं, "कॉलेजात सवलत भेटते, माय. घरचं माणूस बिमार असलं तर. नुसतं कागदावर लिहावं लागते."

ती खाली बसली. राग उतरला तसा चेहऱ्यावर हिशेबीपणा आला. "नंबर पक्का होते का त्याच्यानं?"

"हो."

"मंग लिव. आन मले अगुदर सांगाचं होतं ना, मी बायाईले आपल्या तोंडानं सांगतली असती. आता कसं झालं, मी नाही म्हनून रायली आन सरपंच हो म्हनून रायला." आणि खरंच, संध्याकाळी नळावर गेली तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं की होती बापा बिमार, कायले सांगत बसू. ज्या बाईला खोटं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं ती माझ्यासाठी पाणी भरता भरता खोटं बोलली, आणि मी ओट्यावर बसून फाईलमध्ये कागद क्रमानं लावत होतो.

कॉलेजात जायच्या दिवशी आईनं धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं. सकाळच्या गाडीनं गेलो. प्रवेशाच्या खिडकीमागे एक मॅडम होत्या, भल्या बाई, कामानं वैतागलेल्या. त्या एकेक मूळ कागद यादीशी ताडून पाहत होत्या. गुणपत्रिका झाल्या, टीसी झाली. मग शपथपत्र आणि दाखला एकाखाली एक ठेवून त्यांनी आईकडे पाहिलं.

"आप मदर है? अब कैसी तबियत है?"

"बरी हाय जी," आई म्हणाली.

"चलो अच्छा. दोन साल का गॅप है इसका. सेकंड इयरनंतर दोन वर्षं कॉलेज बंद होतं, तुमच्या बिमारीमुळे. बराबर?"

मी खिडकीच्या लाकडी चौकटीला धरून उभा होतो. हा प्रश्न येईल हे मला माहीत असायला हवं होतं, पण मी सूचना वाचल्या, कागद वाचले, आणि आईला काय काय ऐकावं लागेल याचा विचारच केला नाही. तिला फक्त एवढंच माहीत होतं की सवलतीसाठी आजार लिहिलाय. दोन वर्षं कॉलेज बंद होतं हे ती पहिल्यांदा ऐकत होती. सतरावीची, प्रॅक्टिकलची दोन वर्षं. सोमवारच्या गाठोड्यांची दोन वर्षं.

ती माझ्याकडे वळली नाही. मॅडमच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिचा आवाज बारीक झाला.

"हो जी, मॅडम," ती म्हणाली. "मीच बिमार होती. हा म्हने मी जातो कॉलेजात, मीच त्याले जाऊ देलं नाही. माह्याच्यानंच पोराचं नुकसान झालं."

आणि ती खोकली. एकदा, मग आणखी एकदा. मॅडमनी घाईनं पाण्याचा ग्लास तिच्यासमोर सरकवला आणि तिला आत खुर्चीवर बसायला सांगितलं. आई बसली. दोन्ही हातांनी ग्लास धरून, खांदे पाडून, खरीच दुखणाईत बाई बसावी तशी. ज्या बाईची पाठ पंधरा जणींत ओळखू यायची, ती कॉलेजच्या खुर्चीवर माझ्यासाठी पोक काढून बसली होती.

मॅडमनी शिक्का मारला आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्या पालकांना मोठ्यानं सांगितलं की कागद खोटा निघाला तर प्रवेश रद्द होतो, मधल्या वर्षातसुद्धा होतो, डिग्रीच्या आधी कधीही चौकशी होऊ शकते. हे त्या दर अर्ध्या तासानं सांगत होत्या. मी ते कानाआड केलं. आईनं केलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. सौंदड स्टेशन मागे पडलं. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो, पण गाडीत माणसं होती, आणि माणसांसमोर कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. माणसं नसती तरी मी दुसरं काहीतरी निमित्त काढलं असतं. शेवटी तीच म्हणाली, बाहेर पाहत, "त्या दोन सालात जेवत होता ना बराबर?"

"हो, माय."

"मासोळ्या पुरत होत्या?"

मी हो म्हणालो. तिनं परत काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर कधीही नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर मी पायावर पडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तिनं मला मोकळं होऊ दिलं नाही, किंवा तिच्या डोक्यात हे आलंच नाही की मला मोकळं व्हायचं असेल. तिला वाटलं प्रवेश झाला, विषय संपला.

पण तिच्यासाठी तो संपला नव्हता. पुढच्या पावसाळ्यात टोळीतल्या बायका तिला बोलवायला आल्या. साल झालं, आता बऱ्या असाल मावशी, तुमच्याशिवाय रांग सरळ येत नाही, म्हणाल्या. आईनं नाही सांगितलं. आंग बरं नाही म्हणाली. मी सुट्टीत घरी होतो, मला वाटलं ती माझ्यावरचा राग असा काढते आहे. घरची बांधी तेवढी ती रोवायची, तीही उन्हं कलल्यावर, पाटाच्या रस्त्यावरची ये-जा थांबली की. रस्त्यावर अनोळखी मोटारसायकल दिसली की हातातली जुडी टाकून धुऱ्यावर येऊन बसायची आणि पदर डोक्यावर घ्यायची. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी लक्ष देत नव्हतो.

मग एक दिवस पशुगणनेचा माणूस आला. पँटशर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. आई अंगणात लाकडं फोडत होती. त्याला फाटकात पाहिल्याबरोबर कुऱ्हाड भिंतीशी ठेवून ती आत गेली आणि खाटेवर आडवी झाली. मी घरात होतो. तो दारात येऊन म्हणाला, "आजी, जनावरं किती?"

"मी लय बिमार हाय जी," आई कण्हत म्हणाली.

"हो का? बकऱ्या किती?"

"उठनं होत नाही, सायेब. पोरालेच विचारा. पोरगा लय सेवा करते माही."

तो दोन बकऱ्या आणि एक गाय लिहून निघून गेला. मला हसू आवरेना. पोट धरून हसलो मी. आई खाटेवर उठून बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हासतो कायले? कॉलेजातला असता त? मॅडमनं सांगलं ना, कधी बी पाहाले येतात म्हनून. मी बांधीत दिसली त तुहा नंबर जाईल."

तेव्हा कळलं की ती वर्षभर का गेली नाही. माझं हसू तिथेच थांबलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी थोडा वेळ आणखी हसलो. मग समजावलं की कॉलेजातून गावात कुणी येत नाही, त्यांना तेवढी सवड नसते. ती म्हणाली, तुले काय माहीत. मी म्हणालो, मी कायदा शिकतोय ना. ती म्हणाली, शिकून रायला, शिकला नाही अजून. डिग्री हातात येऊ दे, मंग जाईन.

वर्गात शपथपत्रावरचं व्याख्यान झालं त्या दिवशी मी सरांना गाठून, दुसऱ्या कुणाची म्हणून, ही गोष्ट विचारली. सर म्हणाले, अरे, नापास झाल्यामुळे खंड पडला, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. नापास होणं हा गुन्हा नाही. त्यानं उगाच खोटं केलं. मी मान डोलावली आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यायलो. खोट्याची गरजसुद्धा नव्हती. माझी फक्त लाज वाचली होती, आणि तीही चार-दोन शब्दांपुरती.

हे कळल्यावर तरी मी काय केलं? मी त्याच शनिवारी गावी जाऊन, टोळीतल्या बायकांना अंगणात बोलावून सांगू शकलो असतो की माझी आई ठणठणीत आहे, आजारी मी होतो, माझ्या डोक्यात हवा गेली होती. सरपंच काकांना सांगू शकलो असतो. निदान आईला एकटीला सांगू शकलो असतो की तू जा, नंबर गेला तर माझा जाऊ दे. यातलं काहीच मी केलं नाही. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं, मास्तर नावानं ओळखायला लागले होते, गावात लोक आतापासूनच वकीलसाहेब म्हणत होते. दर वेळी ठरवायचो, पुढच्या वेळी सांगू. आईला दोन वर्षं फसवलं ते पोरवयात, अडाणीपणात, असं म्हणता येईल. ही पुढची दोन वर्षं मी कायद्याची पुस्तकं वाचत असताना गेली. त्यांना काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

डिग्री आली त्या पावसाळ्यात मी गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र आईच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आता जा, माय. आता कोणी काही करू शकत नाही." तिनं प्रमाणपत्र कपाळाला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोळीच्या आधी बांधीवर जाऊन उभी होती. बायकांनी तिला आनंदानं घेतलं, पण धुऱ्याकडची पहिली पात आता दुसरीची होती, तीन पावसाळ्यांपासून. आईला मधली पात दिली. मी रस्त्यावरून पाहत होतो. ती वाकली, रोपं टोचली, मागे सरकली. अर्ध्या बांधीपर्यंत रांगेबरोबर होती. मग एक पाय चिखलातून निघेना. दोन्ही बाजूच्या बायका मागे सरकत गेल्या आणि ती रांगेपुढे एकटी उरली, कमरेवर हात ठेवून, सरळ व्हायचा प्रयत्न करत. दोघींनी धरून तिला धुऱ्यावर आणलं. एक म्हणाली, मावशी, बिमारी आंगातून पुरी गेली नाही अजून. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही.

तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, फोटो काढला. वयाचं आहे, आयुष्यभराच्या वाकण्याचं आहे, ते म्हणाले. असं काम एकदा सुटलं आणि परत एकदम सुरू केलं की दुखणं वर येतं. मी विचारलं, काम सुटलं नसतं तर? त्यांनी खांदे उडवले. ते सांगता येत नाही, कधी ना कधी होणारच होतं, म्हणाले. मी त्या उत्तराला बरेच दिवस धरून बसलो, बुडणारा काडीला धरतो तसा. मग सोडलं.

घरी आल्यावर आई खाटेवर बसली आणि डॉक्टरांचा कागद उलगडून पाहू लागली. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलं हाय?"

"गुडघे झिजले लिहिलंय. वाकायचं नाही, चिखलात उतरायचं नाही."

"म्हन्जे बिमारीच ना?"

"हो."

"डॉक्टरची सही हाय? शिक्का?"

"आहे. का?"

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. तिचा चेहरा इतका हलका मी कॉलेजच्या त्या खिडकीनंतर पाहिला नव्हता.

"मंग हा जोडून दे तुह्या कॉलेजच्या कागदाईत," ती म्हणाली. "तारखेचं कसं कराचं थे तू पाय, तू वकील होस. आता कोनी बी पाहाले येऊ दे, बाबू, तू खोटा निघत नाही."

मी कागद घेतला. तिला उजेड असेपर्यंत स्वयंपाक उरकायचा होता. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळं वजन टाकून, हळूहळू उठली.